बत्तीस वर्षं चौथऱ्याखाली

मिस्त्रींना तो चौथरा खालून पाठ होता. कुठल्या फळीला कुठे गाठ आहे, कुठली तुळई पावसाळी हवेत फुगते, कुठल्या कोपऱ्यात कोळ्याने नवा संसार थाटलाय, सगळं ते डोळे मिटून सांगत. वरून मात्र त्यांनी तो कधी नीट पाहिला नव्हता. वर ते चढत ते हातोडी घेऊन, आणि चढले की लगेच गुडघ्यांवर बसत. गुडघ्यांवर बसलेल्या माणसाला फळ्यांशिवाय दिसणार काय?

चौथरा सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघराच्या, मोठ्या खोलीत होता, अगदी मधोमध. जाड लाकडाचा, कमरेइतका उंच, भोवती कठडा, दोन बाजूंना पाच-पाच पायऱ्यांचे जिने. वर एक उतरतं मेज. शनिवारी सकाळी त्या मेजावर धर्मग्रंथाची गुंडाळी उलगडायची, आणि सात जणांनी एकामागून एक वर जाऊन वाचून यायचं. ज्याला बोलावलं त्याने स्वतः वाचायचं, ही इथली रीत. उच्चार लिहून आणलेली चिठ्ठी चालत नसे. वर जाताना जवळच्या जिन्याने जायचं, म्हणजे उत्साह दिसतो. उतरताना लांबच्या जिन्याने, म्हणजे पाय निघत नाही असं दिसतं.

मिस्त्रींना दोन्ही जिने सारखेच लांब वाटत.

वर्तमानपत्र ते जाहिरातींसकट वाचत. पण गुंडाळीतल्या हिब्रूचं एक अक्षर त्यांना येत नव्हतं. बाकीची पोरं अक्षरं गिरवत होती तेव्हा ते वडिलांच्या हाताखाली रंधा ओढत होते. पुढे शिकायचं म्हणजे मिसरूड फुटल्यावर लहान पोरांच्या बाकावर बसायचं. ते राहून गेलं. राहून गेलेल्या गोष्टीचं दहा वर्षांत गुपित झालं आणि वीस वर्षांत तिला अब्रूचा प्रश्न म्हणायची वेळ आली.

कुणाला वर बोलवायचं ते चावीवाले काका ठरवत. इमारतीच्या साऱ्या किल्ल्या त्यांच्याकडे, आणि शनिवारची सात नावंही त्यांच्याच डोक्यात. काकांची नजर बाकांवरून फिरायला लागली की मिस्त्री उठत आणि मागची खिडकी लावायला जात. परत येईपर्यंत सात जण ठरलेले असत. लोक म्हणत, काय नम्र माणूस आहे. चौथरा याच्या जिवावर उभा आहे, पण पुढे पुढे करायचं नाव नाही.

एक वाचन मात्र काकांच्या नजरेवर नव्हतं. लग्नाच्या आदल्या शनिवारी मुलीच्या बापाने वर जायचं आणि ठरलेला उतारा वाचायचा. म्हातारा बाप मुलासाठी मुलगी शोधायला घरच्या जुन्या नोकराला पाठवतो, नोकर उंट घेऊन विहिरीपाशी थांबतो, मुलगी येते आणि त्याला पाणी देते, असा तो उतारा. साधा दिसतो. पण गुंडाळीत स्वरांच्या खुणा नसतात, नुसती व्यंजनं. भल्या भल्या बापांची तिथे भंबेरी उडायची. म्हणून मास्तर त्यांची तालीम घेत.

मास्तर म्हणजे शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. तालीम गुरुवारी, चौथऱ्यावर. आणि शनिवारी गर्दी होणार म्हणून फळ्या तपासायला मिस्त्रीही नेमके गुरुवारीच येत, चौथऱ्याखाली.

खाली शिरायला बाजूला एक छोटं दार होतं. आत फाटक्या प्रार्थनापुस्तकांची पोती असत. ती पुस्तकं फेकत नाहीत, पुरतात. पुरायचा दिवस येईपर्यंत ती तिथे. मिस्त्री पोती हलक्या हाताने सरकवत, उताणे पडत आणि डोक्याखाली हत्यारांची पिशवी घेत. पोती मऊ होती आणि पिशवीत पटाशा होत्या, पण पुस्तकांवर डोकं त्यांनी एकदाही टेकलं नाही. तोंडात खिळे, नाकासमोर वीतभर अंतरावर फळी, आणि फळीच्या वर कुणाचा तरी घाबरलेला बाप.

बाप चुकला की मास्तर रागावत नसत. मेजावर दोनदा टकटक करत आणि म्हणत, "हं. परत." बाप परत म्हणे. पुढच्या शब्दाला परत चुके.

बत्तीस वर्षांत असे किती बाप डोक्यावरून गेले, त्याची मोजदाद मिस्त्रींनी ठेवली नव्हती. खुद्द शनिवारी वाचन कसं होई, ते मात्र त्यांनी धड ऐकलंच नाही. शनिवारी त्यांचे कान फळ्यांकडे असत. वर सहा माणसं, त्यांतली दोन वजनदार, दोघं एकाच फळीवर. अशा वेळी उंट आणि विहीर कुणाच्या कानात शिरणार?

मग त्यांच्याच मुलीचं लग्न ठरलं.

मुलगी एकुलती एक. नकाशे काढायच्या कचेरीत कामाला. बोलणंही नकाशासारखंच, उगाच रेघ नाही. मुलगा चांगला होता. अडचण होती मुलाच्या वडिलांची. ते छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासत आले होते. पहिल्या भेटीत त्यांनी मिस्त्रींच्या घरी टेबलावरची खोकल्याच्या औषधाची बाटली उचलली, लेबल वाचलं आणि त्यातल्या दोन चुका दाखवल्या. मिस्त्रींच्या बायकोने ते औषध त्या दिवसापासून बंद केलं. व्याही हिब्रूतही पक्के होते, हे मिस्त्रींना चहाच्या दुसऱ्या कपाला कळलं. तो कप तसाच राहिला.

पाहुणे गेल्यावर मिस्त्रींनी विषय काढला. म्हणाले, वाचनाचं काय, मास्तर वाचतील. चौथऱ्याला माझी गरज खाली असते.

"शनिवारी खाली कोण असतं?" मुलीने विचारलं.

खरंच होतं. शनिवारी काम बंद. हातोडीला हातसुद्धा लावायचा नसतो.

"बाबा, मी बायकांच्या गॅलरीतून लहानपणापासून बघतेय. काका मान वळवायला लागले की तुम्ही खिडकी लावायला उठता. ती खिडकी तुम्हीच पाच वर्षांपूर्वी खिळे ठोकून बंद केलीत."

मिस्त्री म्हणाले, ते खात्री करत असतात.

"मला दुसरं काही नको. तुम्ही वर जायचं." एवढं बोलून ती उठली. मिस्त्रींनी बायकोकडे बघितलं. बायको म्हणाली की माझ्याकडे बघू नका, मला तर वर बोलावतच नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते मास्तरांकडे निघाले. वाटेत त्यांनी वाक्य जुळवलं होतं. मास्तर, मला एक अक्षर येत नाही. सोपं वाक्य. पण मास्तरांनी दारातच त्यांच्या पाठीवर थाप मारली. तुम्हाला तालमीची गरज नाही, म्हणाले, इतकी वर्षं चौथऱ्याच्या सावलीत गेली. मिस्त्रींनी मान हलवली. घरी येईपर्यंत त्या मानेला ते शिव्या घालत होते.

लग्नाआधीच्या शनिवारला तीन आठवडे उरले. मिस्त्रींना काही सुचेना, तेव्हा ते सवयीने चौथऱ्याखाली जाऊन पडले. पोती सरकवली, पिशवी डोक्याखाली घेतली, तोंडात चार खिळे धरले. एक फळी ठोकता ठोकता ते गुणगुणायला लागले. थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आलं की आपण उतारा म्हणतोय. म्हातारा बाप, नोकर, उंट, विहीर, मुलगी, सगळं ओळीने. शब्दांचा अर्थ जुजबी माहीत होता, शब्द मात्र आपोआप येत होते.

ते घाईघाईने बाहेर आले. कपाळ दाराच्या चौकटीवर आपटलं. उभे राहिले आणि म्हणायला गेले, तर पहिला शब्दही येईना.

परत खाली गेले. उताणे पडले. उतारा आला.

घरी जाऊन त्यांनी स्वयंपाकघरातल्या फरशीवर प्रयोग केला. आडवे असताना येत होतं. कुशीवर वळलं की अर्धं. उठून बसलं की गायब. बायको भाजी निवडत होती. तिने तीनदा पाहिलं आणि चौथ्यांदा विचारलं, डॉक्टरला बोलवायचं की मिस्त्रीला.

दुसरा कुणी असता तर खचला असता. मिस्त्री सुतार होते. आडवी गोष्ट उभी करायची तर एकदम करायची नसते, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी दाराची एक जुनी फळी आणली, भिंतीला लावली, खाली पाचरी मारल्या. पहिल्या संध्याकाळी पाच अंश. त्यावर पडायचं, उतारा म्हणायचा. दुसऱ्या संध्याकाळी आणखी पाच. अठरा दिवसांत नव्वद अंश, म्हणजे माणूस उभा. हिशेब त्यांनी गुण्याने तपासला.

पंचेचाळीस अंशांना पाय घसरायला लागले. त्यांनी पायांशी आडवी पट्टी ठोकली. साठ अंशांना विहीणबाई न सांगता आल्या. भिंतीला फळी, फळीला मिस्त्री, मिस्त्रींच्या तोंडात खिळे. बायको म्हणाली, कंबर. विहीणबाई म्हणाल्या, माझ्या भावाचीही अशीच धरते, पण त्याला खिळे नव्हते दिले.

सत्तर अंशांना कळलं की खिळे नसले तर शब्द येत नाहीत. शनिवारी खिळे जवळ बाळगता येणार नव्हते. मग रोज एकेक खिळा कमी केला. बायको कान देऊन ऐके. मधे मधे नवरा थांबतो, भिंतीवर टकटक करतो, "हं, परत" म्हणतो आणि शब्द पुन्हा घेतो, हे ऐकून तिचा ऊर भरून येई. स्वतःशी इतका कडक वागणारा माणूस तिने पाहिला नव्हता.

मिस्त्रींना आपण "परत" म्हणतो हे ठाऊकच नव्हतं. त्यांनी उतारा जसा ऐकला होता तसा तो पाठ झाला होता. खिळ्याबरोबर ठोका येतो, तशी शब्दाबरोबर टकटक आली होती.

अठराव्या संध्याकाळी ते उभे होते. तोंड रिकामं होतं. उतारा आला.

शनिवारी खोली भरली. बायका वर गॅलरीत, मुलगी पुढच्या रांगेत. चावीवाल्या काकांनी मिस्त्रींना बोलावलं, आणि आवाजात किंचित विजय होता. मिस्त्री उठले. सवयीने एक पाऊल खिडकीकडे पडलं, मग वळले आणि पाच पायऱ्या चढून गेले. मेजाच्या एका बाजूला मास्तर उभे होते, दुसऱ्या बाजूला व्याही, हातात छापील प्रत उघडून. बोट पहिल्या शब्दावर.

मिस्त्रींनी पहिल्यांदा वरून खोली पाहिली. टकलं पाहिली, टोप्या पाहिल्या. गॅलरीत मुलगी कठड्याला हात लावून उभी होती. मग समोर पाहिलं. काळी अक्षरं सरळ ओळीत, जणू कुणी रंधा मारून बसवलेली. त्यांनी ओळ दाखवायची चांदीची सळई उचलली, ओळीच्या डाव्या टोकाला ठेवली आणि सुरुवात केली.

हिब्रू उजवीकडून वाचतात.

व्याह्यांनी ते पाहिलं. पाव क्षण ते थांबले. मग त्यांनी मिस्त्रींचं मनगट धरलं, सळई उजव्या टोकाला नेली आणि तिथून हळूहळू डावीकडे सरकवायला लागले, म्हाताऱ्याला रस्ता ओलांडायला मदत करावी तसे. बाकांवरून पाहणाऱ्याला वाटलं असेल, काय प्रेमाचे व्याही आहेत.

पहिलं वाक्य स्वच्छ गेलं. दुसऱ्या वाक्यात मिस्त्री एकदम घाईला आले, तीन शब्द एकात कोंबले. मग त्यांनी मेजावर दोनदा टकटक केली, जड आवाजात म्हणाले, "हं. परत." आणि तेच तीन शब्द सावकाश, बरोबर म्हटले.

मास्तरांचं तोंड उघडं राहिलं. तो आवाज त्यांचा होता, तीस वर्षांपूर्वीचा.

पुढच्या वाक्यात मिस्त्री अडखळले, एकाच अक्षरावर चार वेळा. टकटक. हं, परत. नीट म्हटलं. तिसऱ्या रांगेत एक टकला गृहस्थ ताडकन उभा राहिला. "हे आमचे बाबा," तो म्हणाला. त्याचे बाबा घड्याळजी होते, जाऊन अकरा वर्षं झाली होती, आणि या अक्षरावर ते जन्मभर असेच अडखळत. बाजूच्याने त्याला खाली बसवलं. बसवणाऱ्याचे वडील बेकरीवाले, ज्यांना प्रत्येक वाक्य भट्टीतून पाव काढायचा असल्यासारखं संपवायचं असे. ते मघाशीच येऊन गेले होते. तो स्वतः डोळे पुसत होता आणि हसूही आवरत नव्हता.

मग ओळखी पटत गेल्या. शिंपी आले, नाकात बोलणारे. टपाल कचेरीतले साहेब आले, दर दोन शब्दांनी खाकरणारे. उंटांपाशी एक बाप दम खाऊन थांबे, तोही आला, थांबला आणि गेला. गॅलरीत बायका एकमेकींना कोपरं मारत होत्या. कुणी तरी म्हणालं की आमचे अजून कसे नाही आले. आले, विहिरीपाशी आले, आणि मुलीने पाणी देताच हुंदका देऊन चुकले. टकटक. हं, परत.

मिस्त्रींना यातलं काही कळत नव्हतं. लोक हसताहेत की रडताहेत, याचा अंदाज लागत नव्हता. फळ्यांचा आवाज मात्र बरा होता.

शेवटी ते थांबले. सुटकेचा श्वास सोडला, मास्तरांना मान लववली आणि जिन्याकडे वळले. व्याह्यांनी त्यांच्या प्रार्थनेच्या शालीचं टोक धरलं.

"एक वाक्य राहिलं," ते हळूच म्हणाले.

मास्तरांची तालीम नेहमी एक वाक्य आधी संपे. शेवटचं सोपं आहे, ते घरी बघा, असं ते बापांना सांगत. बापांनी घरी बघितलं होतं. चौथऱ्याखाली ते वाक्य कधी आलंच नव्हतं.

खोली वाट पाहत होती. मुलगीही. मिस्त्री व्याह्यांच्या कानाशी वाकले. बत्तीस वर्षं न बोललेलं वाक्य बोलायला एक क्षण लागला.

"मला यातलं काहीच वाचता येत नाही."

"ते पहिल्याच ओळीला कळलं," व्याही म्हणाले. "माझ्यामागून म्हणा."

आणि ते पुटपुटायला लागले, एकेक शब्द. मिस्त्री एकेक शब्द मोठ्याने म्हणायला लागले. आता मागे घड्याळजी नव्हते, शिंपी नव्हते. जरा घोगरा, जरा संथ, असा आवाज होता, आणि तो कुणाच्या ओळखीचा नव्हता, कारण तो या जागी कुणी ऐकला नव्हता. चौथ्या शब्दाला ते चुकले. तोंड उघडून व्याही काही सांगणार, तोच साऱ्या खोलीने, बाकांनी, गॅलरीने, चावीवाल्या काकांनी, एका सुरात सांगितलं.

"हं. परत."

मिस्त्रींनी परत म्हटलं. बरोबर म्हटलं. वाक्य पूर्ण केलं.

वाचन धरायचं की नाही, असा प्रश्न कुणी तरी काढलाच. व्याह्यांनी छापील प्रत मिटली. "चुका तेवीस," ते म्हणाले, "दुरुस्त्या तेवीस. मजकूर शुद्ध आहे." चाळीस वर्षं छापखान्यात ज्यांच्या शब्दाला अपील नव्हतं त्यांनी सांगितल्यावर विषय संपला. मास्तरांनी मात्र खाली उतरल्यावर मिस्त्रींना बाजूला घेऊन विचारलं, मी खरंच इतका खडूस वाटायचो का. मिस्त्री म्हणाले, खालून वाटायचात.

लोकांचा गराडा होता. ज्याला त्याला आपला बाप पुन्हा ऐकायचा होता. घड्याळजींचा मुलगा तर सोमवारी तुमच्या दुकानात येतो म्हणाला, तुम्ही हवं तर आडवे पडा. त्यातून वाट काढत मुलगी आली. मिस्त्री तिच्याकडे बघेनात.

"तुला कळलं ना," ते म्हणाले.

"मी नऊ वर्षांची असताना कळलं. तुम्ही प्रार्थनेचं पुस्तक उलटं धरलं होतं."

"मग वर कशाला पाठवलंस?"

"दुसऱ्यांच्या लग्नात तुम्ही खाली असता," ती म्हणाली. "माझ्या लग्नात वर हवे होतात."

मिस्त्रींनी शालीचं टोक नीट केलं. ते नीटच होतं.

"सगळ्यांचे बाप ऐकले आज," ती म्हणाली. "त्यात माझा फक्त शेवटच्या ओळीत होता. चुकलेला."

"दुरुस्त केला की लगेच."

"दुरुस्त केलेला नको. सासरी दुरुस्त्या पोटभर मिळणार आहेत. मी चुकलेला घेऊन जाते."

व्याही मागेच उभे होते. त्यांना या वाक्यात एकही चूक सापडली नाही.